टी. बी. चार ते सहा

१

कमलाकर डॉक्टर रोग्यांची कार्डं ठेवत त्या बिस्किटांच्या डब्यातून एक कार्ड नाहीसं झालं, हे सोमवारी कळलं. त्या कार्डापायी एक ठरलेलं लग्न मोडलं, हे कळायला बुधवार उजाडला. आणि या दोन्ही भानगडी अनंतराव खानझोड्यांच्या गळ्यात पडल्या त्या गुरुवारी सकाळी. त्या वेळी अनंतराव ओसरीत पालथे पडून पाठ शेकून घेत होते.

अनंतरावांनी तहसील कचेरीत एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं होतं. १९६२ साली निवृत्त झाले तेव्हा कचेरीनं त्यांना एक घड्याळ आणि एक वाकडी पाठ देऊन घरी पाठवलं, असं त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणत. कागदाची घडी बघून तो कोणत्या कारकुनाच्या टेबलावरून आला हे ते सांगत. दिग्रसमध्ये कुणाचा फेरफार, पावती, नाहीतर मृत्युपत्र हरवलं की लोक पोलिसांकडे जायच्या आधी खानझोडेबाबूंकडे येत.

"काका," दारातून आवाज आला, "मी चार महिन्यांत मरते म्हणे. जास्तीत जास्त सहा."

अनंतरावांनी मान वर केली. दारात जमनी उभी होती. खेमसिंग नाईकाची पोर, सुहासिनीबाईंच्या हाताखाली सातवी पास झालेली आणि आता तांड्यावरच्या शाळेत शिकवणारी. विहिरीवर पोहरा ओढताना तिच्या पाठीत चमक भरली होती, एवढं सोडलं तर मरणाशी तिचा काही संबंध दिसत नव्हता. मागे खेमसिंग होता. पागोटं विस्कटलेलं, हातात काठी.

"कोण म्हणतं मरते?"

खेमसिंगनं खिशातून एक चिठ्ठी काढली. जमनीचं लग्न पुसदकडच्या लखीराम नाईकाच्या मुलाशी, अमरसिंगशी ठरलं होतं. बुधवारी सकाळीच लखीरामनं ही चिठ्ठी निरोप्याहाती पाठवली आणि सोबत तोंडी निरोप दिला, की संबंध मोडला. अनंतरावांनी चष्मा चढवला. डाव्या हातानं काढल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं होती.

"लखीराम नाईक यांस. सदर मुलीस टी. बी. आहे. डॉक्टरांनी चार ते सहा महिन्यांची मुदत दिली आहे. तसेच मुलीस एक वारस असल्याचे डॉक्टरांच्या कार्डावर नमूद आहे. विचार करावा. आपला हितचिंतक."

"वारस?" अनंतराव उठून बसले आणि पाठ धरून "आई गं" म्हणाले.

"तेच म्हणतो मी!" खेमसिंग कडाडला. "पोरगी मरून बी राह्यली अन् तिले लेकरू बी हाय! एक कायतरी लिवा ना, लेकहो!"

"यवतमाळच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढून घ्या. साफ निघाला की संपलं."

"कालच जाऊन काढला ना," जमनी म्हणाली. "साफ निघाला. लखीराममामाले रातीच दाखवला तं म्हणतात, फोटो कोणाचा काय माईत? फोटोत तोंड कुठं दिसते?"

एकतीस वर्षं सरकारी कागद हाताळून अनंतरावांनाही हाच प्रश्न अनेकदा पडला होता.

"अन् रविवारी थे दुसरी पोरगी पाह्यले जाऊन राह्यले," खेमसिंग काठी आपटत म्हणाला. "पण मले माईत हाय हे कोणाचं काम हाय. आमच्याच तांड्यातला बाबुलाल, एस. टी.त कंडक्टर हाय. त्यानं जमनीले मागणी घातलती, म्या नाई म्हटलं. रविवारपर्यंत त्याचे पाय तोडतो."

"रविवारपर्यंत कुणाचंही काही तोडू नका," अनंतराव म्हणाले. "मला तीन दिवस द्या."

२

कमलाकर पांढरीपांडे यांना घरच्यांनी अमेरिकेला इंजिनिअर व्हायला पाठवलं होतं. ते परत आले मणक्यांचे डॉक्टर होऊन. औषध नाही, सुई नाही. रोग्याला टेबलावर आडवं करायचे, दोन्ही हातांनी पाठीवर एक झटका द्यायचे, आणि "कट्‌" असा आवाज आला की "उठा" म्हणायचे. दिग्रसकरांनी आठवड्याच्या आत त्यांचं नाव कटकट डॉक्टर ठेवलं, आणि पंधरवड्याच्या आत निम्मं गाव त्यांच्या टेबलावर आडवं होऊन आलं. अनंतरावही त्यातलेच. आता ते खेमसिंग आणि जमनीला घेऊन तिथे पोचले.

"जमनीचं कार्ड शनिवारी दुपारी डब्यात होतं," डॉक्टर हवालदिल होऊन म्हणाले. "सोमवारी बघतो तर नाही. मी आत रोग्याजवळ असतो. बाहेर बसलेल्याच्या हाताशी डबा."

"शनिवारी दुपारनंतर बाहेर कोण कोण बसलं होतं?"

डॉक्टरांनी वही उघडली. तिघेच होते, एकामागून एक आलेले. पोस्टमास्तर भगवानराव, कंडक्टर बाबुलाल आणि कोर्टाच्या आवारात बसणारे अर्जनवीस विठ्ठलराव.

"आणि कार्डावर टी. बी. लिहिलं होतं?"

"ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर छाती काढून म्हणाले. "रोग्याची गोष्ट रोग्याची असते."

"मीच रोगी हाय ना," जमनी म्हणाली. "सांगा."

"मग सांगतो. हो, टी. बी. लिहिलं होतं."

खेमसिंग मटकन बाकावर बसला. जमनीनं बापाचा खांदा धरला, पण तिचाही चेहरा उतरला.

अनंतराव मात्र म्हणाले, "माझं कार्ड दाखवा बरं."

डॉक्टरांनी डब्यातून कार्ड काढून दिलं. अनंतरावांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. स्वच्छ इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: टी. बी. पाच ते सात.

खेमसिंगनं मान लांब करून विचारलं, "काय हाय?" आणि कळल्यावर तो बाकावरच्या बाकावर हातभर पलीकडे सरकला.

३

"अहो, टी म्हणजे थोरॅसिक, म्हणजे पाठीचा वरचा भाग!" डॉक्टर ओरडले. "बी म्हणजे बोथ, दोन्ही बाजू. मानेखालून मोजत आलं की चौथा ते सहावा मणका, दोन्ही बाजूंनी आखडलेला. बस्स! तिथं कॉलेजात आम्हाला सगळं असंच लिहायला शिकवत. माणसाला मणके चोवीस, आणि कार्ड एवढंसं."

"आणि मला पाच ते सात?"

"मणके. महिने नाहीत."

अनंतरावांनी एक लांब श्वास सोडला. टी. बी. म्हटलं की त्यांना आजवर साहेब दौऱ्यावर आला की उतरायचा तो ट्रॅव्हलर्स बंगलाच आठवे. कचेरीत सगळेच तसं लिहीत. आजच पहिल्यांदा त्यांना त्या दोन अक्षरांनी घाम फोडला होता.

"जमनीच्या कार्डावर आणखी काय होतं?"

डॉक्टरांनी जमनीकडे बघितलं. तिनं मान हलवल्यावर त्यांनी आठवून लिहून दिलं. टी. बी. चार-सहा. एस. टी., म्हणजे सॉफ्ट टिश्यू, तिथलं मांस आणि स्नायू दुखरे. एल. आर. एक, म्हणजे लेफ्ट रोटेशन. मणका डावीकडे फिरलाय, पण अगदी थोडा, एक नंबरचा.

"यात वारस कुठाय?" खेमसिंगनं विचारलं.

"नाहीच. कुठल्याही वैद्यकात वारस हा शब्द नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग सांगा ना हे लखीरामले."

"मी काल जाऊन आलो. कार्डाचं काही न बोलता, पोरगी ठणठणीत आहे एवढंच सांगितलं. ते म्हणाले, पोरीकडच्यांनी तुम्हाला शिकवून पाठवलंय."

रात्री जेवताना सुहासिनीबाईंनी दुसऱ्यांदा वाढलेली भाजी अनंतरावांनी पहिल्यांदाच वाढल्यासारखी खाल्ली, तेव्हा त्या म्हणाल्या, "कागदात अडकलात वाटतं."

"टी. बी. कुणीही वाचील गं. डॉक्टरच्या डब्यात सापडलेलं टी. बी. म्हणजे क्षयच, असं तूही म्हणशील. पण वारस कुठून आला? चिठ्ठीवाल्यानं तो मनानं घातला, की कार्डावर वाचला?"

"मनानं घालायचा तर मूल म्हणाला असता," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पोरीची बदनामी करणारा माणूस वारस कशाला म्हणेल?"

अनंतरावांचा घास हातातच राहिला.

४

दुसऱ्या दिवशी अनंतरावांच्या खिशात एक चिटोरा होता. त्यावर इंग्रजीत एवढंच: एस. टी., एल. आर. एक. टी. बी. त्यांनी मुद्दाम गाळलं. ते बघून चोर सावध झाला असता.

पोस्टमास्तर भगवानराव पत्रांवर शिक्के मारत होते. हे गृहस्थ चौकशीच्या बाबतीत गावात प्रसिद्ध होते. पोस्टकार्ड पत्त्यावर पोचायच्या आधी त्यातला मजकूर पोचलेला असे.

"भगवानराव, जुन्या पेटीत हा कागद निघाला. काय असेल हो?"

भगवानरावांनी शिक्का खाली न ठेवताच बघितलं. "यात काय? सॉर्टिंग टेबल. लेटर रजिस्टर्ड, नग एक." आणि आवाज खाली आणून, "पण खानझोडे, ते खेमसिंगच्या पोरीचं काय ऐकतो आम्ही? खरं का?"

"काय ऐकता?"

"क्षय म्हणे."

"आणखी काही?"

"आणखी?" भगवानरावांचे डोळे चमकले. "आणखी काय आहे? सांगा ना!"

अनंतराव निघाले. वारसाची बातमी माहीत असून भगवानरावांनी ती पोटात ठेवली असती, तर सूर्य पश्चिमेला उगवला असता.

बाबुलाल स्टँडवर सापडला नाही. खेमसिंगच्या काठीची वार्ता लागल्यापासून त्यानं विनंती करून मारेगावकडची ड्युटी मागून घेतली होती. गाडी दुपारी परतली तेव्हा तो मागच्या दारानं उतरत होता. अनंतरावांनी त्याला टाकीच्या आडोशाला गाठलं.

"बाबूजी, म्या काई नाई केलं!" तो आधीच म्हणाला. "मागणी घातलती हे खरं हाय. नाईकांनी नाई म्हटलं, म्या बी विषय सोडला. आता माही सोयरीक दुसरीकडे झाली. कायले कोणाच्या पोरीचं वाईट करू?"

"मग शनिवारी दवाखान्यात काय करत होतास?"

"खड्ड्यांनी कंबर गेली जी! रोज यवतमाळ-दिग्रस, दिग्रस-यवतमाळ. तुमी एकदा मागच्या सीटवर बसून पाहा."

अनंतरावांनी चिटोरा दाखवला. बाबुलालचा चेहरा खुलला. "हे तं आमचंच हाय. एस. टी., लोहारा, तिकीट एक. यवतमाळच्या अलीकडचं लोहारा. आमी एल. आर. लिवतो."

अर्जनवीस विठ्ठलराव कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली, उतरत्या मेजासमोर मांडी घालून बसले होते. पाठीला पोक आलेलं, कानावर टाक. या माणसाला 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द सोडून तीन भाषांतले सगळे शब्द येत, असं वकील म्हणत.

त्यांनी चिटोरा एका नजरेत वाचला.

"सोपं आहे. सेशन्स ट्रायल. एल. आर., लीगल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे कायदेशीर वारस. संख्या एक. कुणाचा खटला?"

"कुणाचा कोण जाणे," अनंतराव चिटोरा घडी करत म्हणाले. "बरं, लखीराम नाईक तुमचे पक्षकार ना?"

"पंधरा वर्षं. त्यांचा कागद माझ्याशिवाय हलत नाही."

"मग रविवारी खेमसिंगच्या तांड्यावर याल? सोयरीक मोडायची तर रीतसर मोडावी. दोन्ही बाजू बसतील. मजकूर तुमच्याच हातचा हवा."

विठ्ठलरावांनी पोकातूनही छाती पुढे काढली. "माझ्याशिवाय कोण लिहिणार?"

तिथून अनंतराव थेट दवाखान्यात गेले. "डॉक्टर, रोग्यानं स्वतःचं कार्ड मागितलं तर तुम्ही देता. मला दिलंत."

"देतो. त्याचंच आहे."

"मग रविवारी विठ्ठलरावांचं कार्ड घेऊन या आणि त्यांच्याच हातात द्या. मी वाचणार नाही. त्यावर काय आहे हेही विचारत नाही. मेजावर वाकून मी एकतीस वर्षं काढली, त्यांनी तीस. माझ्या कार्डावर जे आहे तेच त्यांच्यावर असणार."

डॉक्टरांना हसू आवरेना, एवढं अनंतरावांना पुरेसं होतं.

५

रविवारी सकाळी खेमसिंगच्या ओट्यासमोर जाजम पसरलं होतं. एका बाजूला लखीराम आणि त्याचा मुलगा अमरसिंग, उंच, खाली मान घातलेला. दुसऱ्या बाजूला खेमसिंग. बायका ओट्यावर, त्यांच्यात जमनी. भगवानरावांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आले होते. बाबुलाल गोठ्याच्या भिंतीआडून बघत होता.

लखीरामनं चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचून दाखवायला लावली. "आता तुमीच सांगा," तो म्हणाला. "म्या पोराचं कसं करू? माणूस डोळ्यांनी पाहून आगीत पाय देते का?"

"बरोबर आहे," अनंतराव म्हणाले. "सगळा वाद डॉक्टरांच्या अक्षरांचा आहे. आणि अक्षरं वाचणारा माणूस इथे एकच. विठ्ठलराव, डॉक्टरांनी असंच एक कार्ड आणलंय. नावावर कागदाची पट्टी चिकटवली आहे. तुम्ही वाचा आणि काय निघतं ते चारचौघांत सांगा. तुमचा शब्द लखीराम नाईकांना मान्य?"

"त्यायचा शब्द म्हणजे कोर्टाचा शब्द," लखीराम म्हणाला.

डॉक्टरांनी कार्ड विठ्ठलरावांच्या हातात ठेवलं. विठ्ठलरावांनी खाकरून घसा साफ केला.

"टी. बी.," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "क्षय. पुढे तीन-पाच. मुदत तीन ते पाच महिने. एल. आर. दोन. म्हणजे वारस दोन." त्यांनी कार्ड खाली धरलं. "हा मनुष्य संपला, लखीराम नाईक. मृत्युपत्र करून ठेवायला सांगा."

बायकांमधून "अरे बाप्पा" असा उद्गार आला.

"पक्कं?" अनंतरावांनी विचारलं.

"लेखी देतो."

"मग पट्टी काढा आणि त्याला कळवा."

विठ्ठलरावांनी पट्टी काढली. नाव वाचलं. मग कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं.

"कोण हाय जी?" लखीरामनं विचारलं.

भगवानराव मागून डोकावलेलेच होते. "अहो, हे तर त्यांचंच!"

लखीराम बोटं मोजत हळूच म्हणाला, "विठ्ठलरावांले पोरं तं दोनच हायेत. बरोबर लिवलं डॉक्टरनं." आणि तो सरकून बसला. त्याच्या शेजारचे दोघे उठूनच उभे राहिले.

"अहो, काहीतरीच काय!" विठ्ठलरावांचा आवाज चिरकला. "मला काय धाड भरली? पाठ आखडली म्हणून गेलो होतो मी! हे मणक्याचं काहीतरी असेल! टी म्हणजे... डॉक्टर, सांगा ना! पाठीच्या डॉक्टरच्या कार्डावर क्षय कशाला येईल?"

"हेच," अनंतराव म्हणाले, "आम्ही चार दिवसांपासून सांगतोय."

आणि मग ते सावकाश, दप्तरातला कागद वाचावा तसं बोलले. "एल. आर. म्हणजे पोस्टमास्तरांना रजिस्टर पत्र. बाबुलालला लोहारा. डॉक्टरांना मणक्याचं वळण. जो तो आपलं काम वाचतो. त्या अक्षरांत वारस फक्त कोर्टातल्या माणसाला दिसतो. शनिवारी त्या डब्याजवळ बसलेल्या तिघांत कोर्टातला माणूस एकच होता. विठ्ठलराव, कार्ड कुठाय?"

विठ्ठलरावांनी आजूबाजूला बघितलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून चौकोनी घडी काढून जाजमावर ठेवली.

"लखीराम म्हणाला होता, पोरीची माहिती काढा," ते पडेल आवाजात म्हणाले. "डब्यात वरच कार्ड होतं. घरी नेलं, दोन दिवस वाचलं. मला वाटलं, पंधरा वर्षांचा पक्षकार, त्याचं घर वाचवावं. नाव घालायला भ्यालो. डॉक्टरांनी टेबलावर घेतलं नसतं मग."

"न समजलं तं विचारायचं ना जी," जमनी ओट्यावरून म्हणाली. "आमी शाळेत पयल्या दिवशी पोरांले हेच शिकवतो."

विठ्ठलरावांनी मान खाली घातली. आयुष्यात प्रथमच त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "मला समजलं नव्हतं, पोरी." आणि तिथेच, मेजाशिवाय, मांडीवर कागद घेऊन त्यांनी कबुली लिहून सही केली.

खेमसिंग उठला. गोठ्याच्या भिंतीकडे गेला. बाबुलाल पळायच्या बेतात होता. खेमसिंगनं काठी फेकून दिली आणि त्याला दंडाला धरून जाजमावर आणून आपल्याजवळ बसवलं. "चुकलं माह्यं," एवढंच म्हणाला.

लखीरामचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "नाईक," तो चाचरत म्हणाला, "कागद होता म्हणून... आता कसं करता?"

खेमसिंगनं तोंड फिरवलं. "चार दिवस माह्या पोरीले जित्तेपणी मारलं तुमी. मी कायले सांगू? तिले विचारा."

सगळ्यांच्या नजरा ओट्याकडे वळल्या. तेवढ्यात अमरसिंगनं पहिल्यांदा मान वर केली.

"बापू, म्या काय म्हटलतं थे सांगा ना यायले."

"चूप ऱ्हाय," लखीराम पुटपुटला.

"नाई सांगत तं मी सांगतो." अमरसिंगचे कान लाल झाले होते. "चिठ्ठी आली त्या दिवशी म्या म्हटलं, टी. बी. असन तं दवाखाना करू. अन् लेकरू असन तं थेही घेऊन या म्हणा. बापू आयकतच नव्हते. दोन दिवस जेवलो नाई मी."

बायकांत कुजबुज झाली आणि थांबली. जमनी ओट्याच्या कडेला आली. सासरच्या माणसांसमोर असं येणं रीतीला धरून नव्हतं, पण तिला कुणी अडवलं नाही.

"अन् डॉक्टरनं खरंच चार महिने लिवले असते तं?" तिनं विचारलं.

अमरसिंगनं विचार केला. अगदी मनापासून, हिशेब चुकू नये असा.

"तं चार महिने तं माह्या घरी राह्यली असती ना तू," तो म्हणाला.

डोळे पुसत आणि हसत जमनी बापाकडे वळली.

"बापू," ती म्हणाली, "यायले चहा द्या. अन् तारीख जवळची धरा."